डावीकडचा टेम्पो

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" फौजदारानं विचारलं.

"पाहिलं नसतं तर इथं आले असते का?" हेमलताबाई म्हणाल्या.

फौजदाराला तेवढं पुरेसं होतं. हेमलता गोडांबे हे नाव सांगलीत निदान मैदानावरच्या माणसांना तरी नव्यानं सांगावं लागत नसे. उभी हयात त्यांनी शाळेत खेळ शिकवले होते आणि खो-खो, कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून उभ्या राहिल्या होत्या. हरलेल्या संघानंसुद्धा त्यांच्या निकालावर कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. बाईंनी पाहिलं म्हणजे तसंच घडलं, अशी त्यांची ख्याती होती आणि बाईंना स्वतःलाही तिचा थोडा अभिमान होता.

त्या सकाळी त्यांनी जे पाहिलं ते असं. मार्गशीर्षाचे दिवस, कृष्णेवरून आलेलं धुकं कुंभारमळ्याच्या गल्लीत तुंबून राहिलेलं. बाई फाटकाशी उभ्या राहून जास्वंदीला पाणी घालत होत्या. डाव्या हाताला, वळणाच्या बाजूला, शेजारचे अण्णा बेडेकर काठी टेकत फिरायला निघाले होते. त्याच बाजूनं तानाजी चौगुलेचा दुधाचा टेम्पो आला, पिवळा, हिरव्या दाराचा. ब्रेक करकचले, काहीतरी आदळलं. बाई वळून पाहीपर्यंत धुक्यात मागच्या दिव्यांचा लालसर डाग तेवढा विरत होता आणि अण्णा रस्त्यात आडवे झाले होते. गाडी थांबली नाही. अण्णा त्याच आठवड्यात इस्पितळात वारले.

तानाजी बाईंचाच विद्यार्थी. शाळेच्या खो-खो संघाचा कप्तान, खांबाला वळताना वाऱ्यासारखा वळायचा. पुढं शिक्षण जमलं नाही, त्यानं दुधाचा धंदा धरला. विजेच्या गाड्यांनी सगळा रस्ता भरून गेला तरी त्याचा जुना डिझेल टेम्पो अजून चालत होता, शेवटच्या परवान्यावर. तो पोलिसांना सांगत होता की त्या दिवशी मी उशिरा निघालो, गल्लीत आलोच नाही, नव्या पुलाकडून गेलो. पण तसं पाहणारं कोणी नव्हतं. गल्लीतला कॅमेरा गटाराच्या कामासाठी खांबासकट काढून ठेवलेला होता. आणि टेम्पोच्या बंपरला एक जुना पोचा होता, तो कशाचा ते त्याला नीट सांगता येईना.

शिवाय पुरावा नुसता बाईंच्या शब्दाचा नव्हता. त्यांच्या डोळ्यांवर जोडदृष्टी नावाचं यंत्र होतं, आणि जोडदृष्टीत त्या सकाळचं चित्रण होतं.

*

बाईंची नजर कशी गेली हे त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं. तेच त्या आजाराचं वैशिष्ट्य.

इस्लामपूरला कबड्डीच्या अंतिम सामन्यात चढाई करणाऱ्या पोराचा पाय डावीकडच्या रेषेबाहेर पडला. मैदानाभोवतीच्या सगळ्यांनी तो पाहिला. बाई रेषेपासून हाताच्या अंतरावर होत्या आणि त्यांनी पाहिला नाही. लोक ओरडायला लागले, कोणीतरी "बाई विकल्या गेल्या" असंही म्हणालं. तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला. दुसऱ्याच दिवशी त्या मिरजेला डॉक्टर वहिदा मोमीन यांच्याकडे गेल्या.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"असं कसं? काचबिंदू माझ्या थोरल्या बहिणीला झाला होता. डोळा लालबुंद, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या. दिव्याभोवती इंद्रधनुष्याची कडी दिसतात म्हणायची. घरचे पित्तावर औषध देत बसले, नशीब म्हणून वेळेत दवाखाना गाठला. मला तर काही दुखतसुद्धा नाही."

डॉक्टरांनी कागदावर डोळा काढला. डोळ्यात सतत एक पाणी तयार होतं आणि कडेच्या एका अरुंद कोनातून ते निचरून जातं. बहिणीचा तो कोन अचानक बंद झाला होता, दार धाडकन लागावं तसा. आत दाब एकदम वाढला, म्हणून ती आकांतानं ओरडली आणि म्हणूनच वाचली. बाईंचा कोन उघडा होता, पण निचऱ्याची जाळी वर्षानुवर्षं गाळ बसत गेल्यासारखी तुंबत आली होती. दाब हळूहळू चढत गेला आणि डोळ्यामागची नस धागा धागा मरत गेली. आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. कित्येक माणसं या अवस्थेत पेपर वाचतात, सुईत दोरा ओवतात आणि आपल्याला सगळं दिसतंय असं समजतात. काहींचा तर दाबही वाढलेला सापडत नाही, तरी नस झिजते.

"पण मला काळं काहीच दिसत नाही," बाई म्हणाल्या. "नजर गेली असती तर तिथं काळोख दिसला असता."

"तिथंच तर फसगत होते. मेंदू जागा रिकामी ठेवत नाही, बाई. आजूबाजूचं घेतो आणि ठिगळ लावतो. तो पाय रेषेबाहेर पडला तेव्हा तुम्हाला तिथं नुसतं मैदान दिसलं असेल."

त्यांना खरोखरच नुसतं मैदान दिसलं होतं.

थेंब सुरू झाले, दाब उतरला. पण मेलेली नस परत येत नाही. डावीकडचं जवळजवळ सगळं गेलं होतं. दोन वर्षांनी जोडदृष्टी आली तेव्हा डॉक्टरांनी सुचवलेल्या पहिल्या रुग्णांत बाई होत्या. चष्म्याच्या दोन्ही कडांना बारीक कॅमेरे, गळ्यात लॉकेटसारखी एक डबी, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथं मेंदू चित्र ओळखतो तिथं, नखाएवढी पातळ पट्टी. डोळ्याची मेलेली नस वगळून कॅमेऱ्याचं चित्र सरळ मेंदूत. सुरुवातीचे काही आठवडे यंत्र बाईंचं घर, गल्ली, येणारी-जाणारी माणसं शिकत राहिलं. मग एके सकाळी बाईंना डावीकडचं जग परत मिळालं. त्या दिवशी त्या गल्लीत उभ्या राहून कितीतरी वेळ हसत होत्या. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा शाळेच्या मुलांचे सामने घ्यायला सुरुवात केली.

त्या यंत्रानं टिपलेलं चित्रण पोलिसांनी कोर्टात दाखवलं. पिवळा टेम्पो, हिरवं दार, अण्णांची काठी. चित्रात आवाज नव्हता, लोकांच्या खाजगी बोलण्याचा प्रश्न नको म्हणून यंत्र आवाज टिपतच नसे. पण आवाजाची गरज कोणाला होती? तानाजीला जामीन नाकारला गेला.

*

सारिका, तानाजीची बायको, एका दुपारी आली. ती घरात आली नाही. पायरीशीच उभी राहिली.

"बाई, आमी काय वाकडं केलंय तुमचं?"

"सारिका, हे असं बोलू नकोस. मला काय आनंद झालाय का? पण जे पाहिलं ते सांगावं लागतं."

"पाहिलं म्हंता. आवाज ऐकला का?"

"कसला?"

"टेम्पोचा. आमचा टेम्पो गल्लीत शिरला की कुत्री उठत्यात, पोरं उठत्यात. तुमच्या फाटकाशी आलं की हे दोनदा हॉर्न देत्यात, तुमच्यासाठी म्हणून. त्या दिवशी हॉर्न वाजला?"

"धुक्यात मी…" बाई थांबल्या. मग आवाज चढवून म्हणाल्या, "मी डोळ्यांनी पाहिलंय, सारिका. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांत चार बोटांचं अंतर असतं."

सारिका निघून गेली. फाटक तिनं हळू लावलं, पण बाईंना ते आपटल्यासारखं लागलं.

त्या आत येऊन खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले. पंचगिरीत त्यांना एक सवय होती. वादाचा क्षण आला की त्या डोळे मिटून तो पुन्हा मनात लावत. आता त्यांनी ती सकाळ लावली. पाण्याच्या झारीचा आवाज. अण्णांच्या काठीची टकटक. मग ब्रेक. मग ते आदळणं. त्याच्या आधी काय? त्याच्या आधी काहीच नव्हतं. तो खडखडणारा, धूर ओकणारा टेम्पो एकाही खडखडाटाशिवाय वळणावरून आला होता. जाताना त्यानं इंजिनाचा एवढासाही आवाज मागं ठेवला नव्हता. टायर ओल्या रस्त्यावरून सळसळत गेले होते, विजेच्या गाडीचे जातात तसे.

डोळ्यांपुढं चित्र इतकं स्वच्छ होतं की कानांनी काय ऐकलं हे बाईंनी स्वतःला विचारलंच नव्हतं.

*

संशय एकदा घरात शिरला की तो कोपऱ्यात बसत नाही. बाई जोडदृष्टीकडे आता अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसं पाहू लागल्या, वरून काही न दाखवता. काही दिवस विशेष काही झालं नाही. उजेडात सगळं चोख असे. त्या झटकन मान वळवून ताडून पाहत: खिडकी होती तिथं खिडकी, मांजर होतं तिथं मांजर. आपणच उगाच सारिकाच्या बोलण्यानं हललो, असं त्यांना वाटू लागलं.

मग पुन्हा एकदा दाट धुकं पडलं. बाई झारी घेऊन फाटकाशी गेल्या. जास्वंदीला पाणी घालता घालता डाव्या कडेला त्यांना अण्णा बेडेकर दिसले.

अंगात तपकिरी स्वेटर, हातात काठी, मान जरा पुढं झुकलेली. नेहमीच्या चालीनं ते वळणाकडे निघाले होते.

झारी बाईंच्या हातातून सुटली. त्या वळल्या. समोर धुकं होतं आणि ओला रस्ता. पुन्हा मान सरळ केली. डावीकडे अण्णा चालतच होते. काठी टेकत होती, आणि टकटक ऐकू येत नव्हती.

दुसरी कोणी असती तर तिनं रामनाम घेतलं असतं. बाईंच्याही अंगावर काटा आला, पण तो भुताच्या भयानं नव्हता. त्या घरात आल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. अण्णांच्या तेराव्याला त्या स्वतः जेवून आल्या होत्या. म्हणजे हा चष्मा खोटं दाखवत होता. कधीपासून दाखवत होता?

संध्याकाळी त्यांनी परीक्षा घेतली. दिवा न लावता ओटीवरची वेताची खुर्ची, जी वर्षानुवर्षं डाव्या कोपऱ्यात होती, ती ओढत आत नेऊन ठेवली. मग चष्मा घातला आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. अंधार दाटत आला तशी डाव्या कोपऱ्यातली रिकामी जागा हळूहळू भरत गेली. आधी सावली, मग पाय, मग वेताची वीण. थोड्याच वेळात खुर्ची जागेवर होती, अगदी फाटलेल्या पट्टीसकट.

दुसऱ्या दिवशी त्या पोलीस ठाण्यात गेल्या. मागच्या आवारात जप्त केलेला टेम्पो उभा होता. बाईंनी चष्मा काढला आणि उरल्यासुरल्या स्वतःच्या नजरेनं, नळीतून पाहावं तसं, तो पुढून मागून पाहिला. दार पिवळं होतं.

तिथूनच त्यांनी सारिकाला फोन लावला. "टेम्पोचं ते हिरवं दार कुठं गेलं?"

"हिरवं? ते भंगारातनं आणलेलं व्हतं. दिवाळीच्या पाडव्याला नवं बसवलं न्हवं का. तुम्हाला पेढे द्यायला आले व्हते की हे."

अपघात झाला तेव्हाच पाडव्याला महिन्यावर दिवस लोटले होते. त्यानंतरही धुक्यातून जाणारा टेम्पो बाईंना रोज हिरव्या दाराचाच दिसत होता. कोर्टात दाखवलेल्या चित्रणातही दार हिरवंच होतं, आणि ते कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांना टेम्पो पिवळा आहे एवढंच हवं होतं.

*

बाईंनी कंपनीला कळवलं. दुसऱ्याच दिवशी प्रणीत शहाणे नावाचा माणूस पुण्याहून आला. नम्र, मृदू, बोलताना पुढं वाकणारा.

"मॅडम, यंत्र खोटं दाखवत नाही," तो म्हणाला. "पट्टीवर बिंदू मोजके असतात. धुक्यात, अंधारात कॅमेऱ्याला कमी दिसतं. तेव्हा यंत्र त्या जागी नेहमी काय असतं त्याचा अंदाज घेऊन चित्र पूर्ण करतं. तुमचा मेंदूही तेच करायचा की."

"मेंदूनं मला रिकामं मैदान दाखवलं होतं. मेलेला माणूस नव्हता दाखवला."

"सुरुवातीला आम्ही रिकाम्या जागा तशाच ठेवत होतो. लोक घाबरायचे, पायऱ्यांवरून पडायचे. चित्र पूर्ण केल्यावर पडणं कमी झालं. हजारो माणसं यावर स्वयंपाक करतात, रस्ता ओलांडतात. लोकांना भोक नको असतं, मॅडम."

ते बाईंना पटलं, म्हणून त्यांना अधिकच अस्वस्थ वाटलं. त्यांनी विचारलं, "मग पूर्ण करण्याआधीचं चित्र? कॅमेऱ्यानं खरं टिपलेलं?"

"ते साठवलं जात नाही." उत्तर फार चटकन आलं. मग तो हसून म्हणाला, "तुमची तक्रार मी वर कळवलीय. आज संध्याकाळी यंत्रात सुधारणा आपोआप उतरेल. तुम्ही काही करायचं नाही. फक्त डबी चालू ठेवा."

तो गेला. बाई खिडकीतून त्याची गाडी जाताना पाहत राहिल्या. मैदानावर त्या एक धडा शिकल्या होत्या: खेळाडू न विचारता "मी स्पर्श केला नाही" म्हणाला, तर त्याच्या हाताकडे पाहावं. डबी चालू ठेवा, हे त्या माणसानं जाता जाता दारातही पुन्हा सांगितलं होतं.

त्यांनी डबी बंद केली.

डावीकडचं जग विझलं. काळोख झाला असता तर बरं वाटलं असतं, पण तिथं काळोखसुद्धा नव्हता, नुसतं काही नव्हतं. डबी आणि चष्मा रुमालात गुंडाळून पिशवीत घातला, पिशवी छातीशी धरली आणि बाई मिरजेच्या बसला निघाल्या. नाक्यावर एका सायकलवाल्याचा धक्का लागला. "दिसत नाही का, आज्जी?" तो ओरडला. "नाही दिसत," बाई म्हणाल्या. बसच्या दांड्याला कपाळ आपटलं. मिरजेत दवाखान्याच्या पायऱ्या चढताना त्या भिंतीला हात लावून चढल्या.

डॉक्टर मोमीन यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला.

"साठवलं जातं," त्या म्हणाल्या. "कच्चं चित्र डबीतच असतं. तपासणीला आलात की ते बघून आम्ही यंत्र जुळवतो. मग पुसलं जातं. तुमची तपासणी पुढच्या आठवड्यात होती. सुधारणा उतरली असती तर आजच पुसलं गेलं असतं."

"बघूया."

"बाई, जरा थांबा." डॉक्टरांनी डबीवर हात ठेवला. "हे यंत्र मी तुम्हाला बसवलंय. अजून कितीजणांना बसवलंय. हे बाहेर आलं तर उद्या ते बंद करायला लावतील. माझ्याकडे एक पेशंट आहे, एकट्यानं पोर वाढवतेय, याच्याच जोरावर. तिला काय सांगू?"

त्यांना त्या पहिल्या सकाळचं हसू आठवलं.

"मला माहीत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तानाजी आत आहे. माझ्या डोळ्यांमुळे आत आहे."

डॉक्टरांनी हाताखालच्या दोघा डॉक्टरांना साक्षीला बोलावलं आणि डबी जोडली. त्या सकाळचं कच्चं चित्र पडद्यावर आलं. उजवीकडे जास्वंद, फाटकाचा गज, झारीची चोच. डावीकडे राखाडी ओलं धुकं. धुक्यात एक वाकलेली काळसर आकृती, तेवढे अण्णा खरे होते. आणि त्यांच्यामागून सरकत आलेला एक फिकट, बुटका चौकोन. ना पिवळा, ना हिरवा. टेम्पोच्या निम्म्या उंचीचाही नव्हता.

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी पुन्हा लावलं. कोणालाही तो चौकोन काय आहे ते सांगता आलं नाही. तो काय नव्हता, एवढं मात्र उघड होतं.

*

बाई जबानी बदलणार ही बातमी त्यांच्या आधी गल्लीत पोचली. अण्णांचा मुलगा सुहास फाटकाशी आला. लहानपणापासून तो बाईंना मावशी म्हणायचा.

"किती मिळाले?" त्यानं विचारलं.

"सुहास, आत ये. मी तुला दाखवते."

"काय दाखवता? तुम्हीच सांगितलंत बाबांना कोणी मारलं. मी रोज रात्री त्या माणसाचं तोंड डोळ्यांपुढं आणून झोपतो. आता म्हणता तो नव्हताच. मग मी कोणाला धरू?"

सुहास निघून गेला आणि त्या दिवसापासून बेडेकरांच्या घराची गल्लीकडची खिडकी बंद राहू लागली. दुकानात बाई गेल्या की बोलणं थांबे. एकदा पाठीमागून शब्द आला, फितूर. इस्लामपूरच्या मैदानावर त्यांना विकलेली म्हटलं होतं तेव्हा त्या खरंच चुकल्या होत्या. या वेळी त्या बरोबर होत्या, आणि आरोप तोच होता.

कोर्टात सरकारी वकिलानं त्यांना सोडलं नाही. "आरोपी तुमचा लाडका विद्यार्थी आहे?"

"आहे."

"त्याची बायको तुमच्या घरी येऊन गेली?"

"आली होती."

"आणि त्यानंतर तुम्हाला आठवलं की तुम्ही पाहिलंच नव्हतं. म्हणजे त्या दिवशी ठाण्यात तुम्ही खोटं बोललात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मला दिसलं तेच मी सांगितलं. पण जे दिसलं ते तिथं नव्हतं."

कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुढं मागवला, हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "आत्ता तुमच्या डाव्या बाजूला कोण आहे?"

"यंत्र बंद आहे, साहेब. मला माहीत नाही."

"काहीच दिसत नाही?"

"काहीच नाही. आणि हे म्हणायला मला फार उशीर झाला."

डाव्या बाजूला, पिंजऱ्यात, तानाजी उभा होता.

मग डॉक्टर मोमीन साक्षीला उभ्या राहिल्या. दोन चित्रणं शेजारी शेजारी लावली गेली: एकात टेम्पो, दुसऱ्यात धुकं. न्यायाधीशांनी ती पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. पाडव्याला नवं दार बसवणारा मिस्त्री येऊन सांगून गेला. कंपनीच्या वकिलानं बराच वेळ युक्तिवाद केला आणि शेवटी कबूल केलं की अंदाज आणि दृश्य यांत फरक दाखवणारी कोणतीही खूण यंत्र देत नाही. देता आली असती का, असं विचारल्यावर तो म्हणाला, आली असती.

तानाजी सुटला. अण्णांना उडवणारी गाडी कोणाची, ते आजवर कळलेलं नाही. सामान पोचवणारी एखादी छोटी वीजगाडी असावी, असं पोलीस म्हणतात. तशा गाड्या त्या रस्त्यानं दिवसभर जातात, आणि तशी गाडी गेली की सुहास बेडेकर फाटकाशी येऊन तिच्याकडे बघत राहतो.

जोडदृष्टी बंद झाली नाही. कोर्टानं एवढंच सांगितलं की अंदाजानं भरलेला भाग रुग्णाला वेगळा कळला पाहिजे. नव्या यंत्रात तो भाग करड्या रंगात दिसतो. बरेच रुग्ण नाराज झाले. सगळं जग डाग पडल्यासारखं दिसतं, असं म्हणाले. काहींनी जुनंच ठेवू द्या म्हणून अर्ज केले. डॉक्टर मोमीन यांची ती पेशंट त्यांच्यात होती. बाईंनी डॉक्टरांना सांगितलं, "मला करडंही नको. खरं दिसेल तेवढंच ठेवा, बाकी सोडून द्या." त्यांनी पंचगिरी सोडली, थेंब मात्र वेळच्या वेळी घालू लागल्या.

*

तानाजीच्या घरी जायला त्यांनी बरेच दिवस घेतले. गेल्या त्या संध्याकाळी. सारिकानं अंगणात खुर्ची टाकली. टेम्पो आवारात नव्हता, परवाना संपला होता. उजेड मावळत होता आणि बाईंच्या डावीकडचं सगळं नाहीसं झालं होतं. पावलं वाजली, त्या बाजूला कोणीतरी येऊन उभं राहिलं. तोच असणार, त्यांना वाटलं.

"तानाजी," त्या सरळ पाहत म्हणाल्या, "मी तुझी माफी मागायला आलेय असं नाही. माफी मागून ते दिवस परत येत नाहीत. पण तुला हे माझ्या तोंडून ऐकायला हवं. तुला लहानपणापासून ओळखते मी. गाडी थांबवली नसतीस असा तू नाहीस, हे मला माहीत होतं. तरी मी त्या काचेवर विश्वास ठेवला, तुझ्यावर ठेवला नाही. एकदा येऊन तुला विचारलंसुद्धा नाही."

उत्तर आलं नाही. बाई थांबल्या. कुठंतरी भांडं वाजलं.

"बाई," सारिका हळूच म्हणाली, "ते मघाशीच आत गेले."

बाईंनी मान हलवली. उठून जावं असं त्यांना वाटलं. मग त्यांनी पदर सावरला आणि खुर्चीत नीट बसल्या.

"बसते मी थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "त्याला सांग, काही बोलायला नको."

सारिका आत गेली. अंधार पडला. रस्त्यानं एक गाडी सळसळत गेली, कुठली ते कळलं नाही. डासांनी पाय फोडून काढले तरी बाई बसून राहिल्या. आतून कुजबूज आली आणि थांबली. बऱ्याच वेळानं डाव्या बाजूला, जिथं त्यांच्यासाठी काहीच नव्हतं, तिथं फरशीवर कप टेकल्याचा आवाज झाला. त्यापाठोपाठ कोणीतरी पायरीवर बसलं. बाई वळल्या नाहीत.

"बाई," तानाजीचा आवाज म्हणाला, "चहा गार होतोय."